तिसऱ्यांदा फॉरमॅट मारण्याआधी पीसी कधी अडतो ते लिहून काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत तुमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. मागांच्या शेडला लागून, पत्र्याच्या छताखाली ऑफिस. तिथला डेस्कटॉप दहा वर्षांचा: चौथ्या पिढीचा कोअर आय-३, एच८१ चा बोर्ड (मदरबोर्ड), ४ जीबीची एकच रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क, विंडोज १०. काम टॅलीचे, ई-वे बिलांचे, बँकेचे आणि व्हॉट्सॲप वेबचे. सकाळी सुरू व्हायला आठ-दहा मिनिटे घेतो, आणि दुपारी दोन ते चारच्या दरम्यान अधूनमधून पूर्ण हँग होतो, बटण दाबूनच बंद करावा लागतो. दोनदा फॉरमॅट मारले, दोन्ही वेळा पंधरा दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. आता तिसऱ्यांदा फॉरमॅट मारावे की नवा पीसी घ्यावा?

मी सोलापुरात बावीस वर्षे हेच काम करतो आहे. माझे उत्तर असे की फॉरमॅट मारू नका आणि नवा पीसीही या आठवड्यात घेऊ नका. तुमच्या सांगण्यात मला दोन वेगळे आजार दिसतात. सकाळी रेंगाळतो तो एक, दुपारी गोठतो तो दुसरा. दोघांवर एकच औषध दिले म्हणून दोनदा पैसे गेले. कोणता आजार कशामुळे, हे चार दिवस नीट पाहिले तर बहुतेक घरबसल्या कळते. ते कसे पाहायचे, हे सांगतो.

पण त्याआधी, आज संध्याकाळी कारखाना बंद करण्यापूर्वी एक काम करा. टॅली बंद करून तिचे डेटा फोल्डर, एक्सेलच्या फाइली आणि बिलांच्या पीडीएफ दोन ठिकाणी उतरवून घ्या. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, दुसरी क्लाउडवर किंवा घरच्या लॅपटॉपवर. सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर कॉपी करून समाधान मानू नका. ती दोन्ही एकाच डिस्कची दोन पाने असतात, डिस्क गेली की दोन्ही जातात. आणि घेतलेली प्रत दुसऱ्या संगणकावरच्या टॅलीत उघडून बघा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही.

याला कारण आहे. धंद्यात नवा होतो तेव्हा साखर पेठेतल्या एका चादरवाल्यांचा पीसी माझ्याकडे आला होता. अगदी तुमच्यासारखीच तक्रार. मी डेटा न उतरवता रात्रभर डिस्क तपासायला लावली, म्हणजे चेकडिस्कला प्रत्येक सेक्टर वाचून दुरुस्त करायला सांगितले. डिस्क आधीच शेवटच्या घटका मोजत होती, त्यात सहा-सात तास सलग घासली गेली. सकाळी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, ती दिसेचना. तीन वर्षांचे हिशेब गेले. त्यांच्याकडची दोन माणसे दीड महिना कागदी बिलांवरून नोंदी भरत बसली. त्या काकांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, आणि तेच मला जास्त लागले. तेव्हापासून आधी डेटा आणि मग स्क्रू ड्रायव्हर, हा क्रम मी कोणासाठीही मोडलेला नाही.

आता एक वही घ्या. पीसी अडला की चार गोष्टी लिहायच्या: वेळ, तेव्हा काय चालू होते, माग चालू होते की बंद, आणि पुढच्या दोन खुणा.

पहिली खूण माउसची. माउसचा बाण हलतो आहे, पण क्लिक केले की काहीच उघडत नाही, खिडकीवर पांढरट झाक येते, कॅबिनेटवरचा लाल दिवा सारखा पेटलेला राहतो, आणि दोन-चार मिनिटांनी सगळे एकदम धावू लागते. असे असेल तर संशय डिस्कवर किंवा रॅमच्या कमतरतेवर.

दुसरी खूण कॅप्स लॉकची. बाणही जागचा हलत नाही, तेव्हा कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर विंडोजचा गाभा अजून जिवंत आहे. मग कंट्रोल, आल्ट आणि डिलीट एकत्र दाबून दोन मिनिटे थांबा, घाईने बटण दाबू नका. दिवाही गोठला असेल, किंवा स्पीकरमधून एकच आवाज घरघरत राहिला असेल, तर बिघाड खालच्या थरात आहे: उष्णता, वीज, रॅम नाहीतर बोर्ड. असा पीसी दहा वेळा फॉरमॅट केला तरी अकराव्या वेळी गोठणारच, कारण विंडोजचा तिथे काही दोषच नसतो.

आधी सकाळच्या संथपणाकडे वळतो.

पीसी सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्सच्या पानावर जाऊन आधी मेमरी बघा, मग डिस्क. क्रम महत्त्वाचा आहे. ४ जीबीत विंडोज १० स्वतःलाच दीड-दोन जीबी घेते, थोडी मेमरी बोर्डावरचे ग्राफिक्स अडवून ठेवते, उरलेल्यात टॅली आणि क्रोमच्या सहा-सात टॅब. मेमरी नव्वद टक्क्यांवर गेली की विंडोज जागा करण्यासाठी पाने डिस्कवर नेऊन ठेवू लागते आणि लागली की परत आणते. ही ने-आण डिस्कच्या खात्यात दिसते, आणि रॅमचा दोष डिस्कच्या माथी बसतो. दुकानात बसूनही ही चूक सहज होते.

एक छोटी गोष्ट इथेच बघून घ्या. सेटिंग्जमध्ये सिस्टिमच्या माहितीत विंडोज ६४ बिट आहे की ३२ बिट, ते लिहिलेले असते. दोनदा फॉरमॅट झाले आहे म्हणून विचारतो. कमी रॅम पाहून ३२ बिटची विंडोज टाकून देण्याची सवय काही ठिकाणी अजून आहे. तशी असेल तर उद्या ८ जीबी रॅम लावलीत तरी ती ४ जीबीच्या आतच घुटमळत राहील.

मेमरी साठ-सत्तर टक्क्यांवर आहे आणि डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर चिकटली आहे, असे दिसले तर पुढे बघा. नुसत्या शंभर टक्क्यांवरून डिस्क खराब ठरवू नका. हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुईसारखे हेड पुढे-मागे जाऊन वाचते. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०, एका फेऱ्याला ८.३ मिलीसेकंद. इकडचा तुकडा, तिकडचा तुकडा असे विखुरलेले वाचायचे असेल तर सेकंदाला साधारण शंभर तुकड्यांच्या पुढे तिची मजल जात नाही. विंडोज सुरू होताना हजारो छोटे तुकडे मागते. त्यामुळे धडधाकट हार्डडिस्कही पहिली काही मिनिटे शंभर टक्के दाखवते.

खरी खूण त्याच पानावर शेजारी असते, सरासरी प्रतिसाद वेळ मिलीसेकंदांत लिहिलेली. भर कामात तो आकडा दहा, वीस, पन्नास असेल तर डिस्क दमली आहे पण निरोगी आहे. पाचशे, हजार, तीन हजार असे आकडे येत असतील आणि वाचण्या-लिहिण्याचा वेग शून्याच्या आसपास पडला असेल, तर डिस्क आजारी आहे. खराब सेक्टर लागला की घरगुती डिस्क तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, कित्येक सेकंद, कधी मिनिटभर. तेवढा वेळ विंडोज तिच्या तोंडाकडे बघत बसते, आणि तुम्हाला पीसी हँग झालेला दिसतो.

याची खातरजमा करायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचे मोफत साधन आहे. डिस्क स्वतःची तब्येत नोंदवत असते, ते नुसते वाचून दाखवते. त्यात तीन ओळी बघा. ०५ क्रमांकाची ओळ म्हणजे बदली जागा दिलेले खराब सेक्टर. सी५ म्हणजे वाचता न आल्याने लटकलेले सेक्टर, आणि माझ्या अनुभवात हँग होण्याशी सर्वांत जवळचे नाते या ओळीचे. या दोहोंच्या शेवटच्या रकान्यात शून्य हवे. तिसरी ओळ सी७, ती केबलची. तो आकडा वाढत असेल तर डिस्कवर राग काढण्याआधी साटाची, म्हणजे डिस्क आणि बोर्ड जोडणारी, केबल बदला. फार मोठी रक्कम नसते, आणि कितीतरी वेळा दुखणे तिथेच संपते. मात्र सी७ चा आकडा केबल बदलल्यावर खाली येत नाही. तो पुढे वाढायचा थांबला का, एवढेच बघायचे. आकडे इंग्रजीत आणि हेक्साडेसिमल, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीत दिसतात, घाबरू नका. पिवळा किंवा लाल रंग दिसला की फोटो काढा आणि डेटा उतरवला आहे ना, ते पुन्हा तपासा.

फॉरमॅटनंतरचे ते पंधरा बरे दिवस कुठून आले, हेही यातच आहे. दुकानात झटपट फॉरमॅट होते. त्यात फक्त फाइलींची अनुक्रमणिका कोरी होते, तबकडी कोणी तपासत नाही. नवी विंडोज नेटकी, आटोपशीर बसते आणि खराब जागा वाटेत येत नाही. मग अपडेट उतरतात, टॅली येते, ब्राउझरचा पसारा वाढतो आणि पंधरा दिवसांत हेड पुन्हा त्याच दुखऱ्या जागेवर जाऊन अडखळते. दोन्ही वेळा नेमके एवढ्याच दिवसांत तक्रार परत आली, म्हणून माझा पहिला संशय तुमच्या डिस्कवरच आहे.

डिस्क आजारी निघाली तर एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपांची डिस्क, घ्या, तिथे दुसरा विचार नको. तुमच्या बोर्डाला अडीच इंची साटाची एसएसडी लागेल. एम.२ प्रकारची घेऊ नका, या काळातल्या बहुतेक बोर्डांवर तिचा स्लॉटच नसतो. २५६ जीबी तुम्हाला भरपूर होईल. एच८१ वर साटाचे पोर्ट दोन वेगांचे असतात, दोन ६ गीगाबिटचे आणि दोन ३ चे. बहुतेक बोर्डांवर त्यांचे रंग वेगळे असतात. एसएसडी वेगवानावर लावून घ्या, आणि बायोसमध्ये साटाचा मोड एएचसीआय आहे ना, ते विंडोज टाकण्याआधीच पाहून घ्या. खराब डिस्कवरून क्लोन, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, करू नका, नवी विंडोज टाका.

आणि एक कळकळीची विनंती. काढलेली जुनी डिस्क 'असू दे, बिलांना होईल' म्हणून डी ड्राइव्ह बनवून आत ठेवू नका. आजारी डिस्क दुय्यम जागी बसली तरी एक्सप्लोरर उघडताना विंडोज तिच्याकडे डोकावते, आणि तेवढ्याने नवी एसएसडी असलेला पीसीही अडतो. असे पीसी माझ्याकडे महिन्याला एक तरी येतात.

आता दुपारचा आजार. इथे आपल्या गावाचा विषय येतो.

तुम्ही लिहिलेल्या एका वाक्यावर मी थांबलो: संक्रांतीच्या सुमारास, गड्ड्याची यात्रा असते त्या दिवसांत, पीसीने त्रास दिला नाही, पाडव्यानंतर सुरू झाला. उष्णतेच्या बाजूने याहून मोठा पुरावा काय हवा? प्रोसेसरवरचा पंखा हवा गार करत नाही, खोलीतलीच हवा चिपच्या हीट सिंकवर, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्यावर, मारतो. त्यामुळे चिपचे तापमान नेहमी खोलीच्या वर काही अंश राहते. समजा पंखा आणि हीट सिंक स्वच्छ असताना हा फरक ३५ अंशांचा आहे. जानेवारीत खोलीत २७ असताना चिप ६२ वर राहील. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा तीच चिप ७७-७८ वर, तरीही सुखरूप. पण हीट सिंकच्या पात्यांत कचरा अडकून फरक ३५ वरून ५५ झाला, तर जानेवारीत ८२ म्हणून तुम्हाला कळणारही नाही आणि मेमध्ये ९८. तुमच्या पिढीच्या इंटेलच्या चिपची मर्यादा साधारण १०० आहे. तिथे पोहोचली की ती जीव वाचवायला वेग कमी करते, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर पीसी एकदम बंद पडतो.

टॉवेलच्या कारखान्यातला कचरा साध्या धुळीसारखा नसतो. टेरीच्या मागावर कापसाचे बारीक तंतू दिवसभर हवेत तरंगतात, आणि ते पंख्याने ओढले की हीट सिंकच्या तोंडावर थर साचून अक्षरशः वाकळ तयार होते. वरून पंखा जोरात फिरताना दिसतो, म्हणून सगळे ठीक आहे असे वाटते. पंखा काढला की खाली करड्या रंगाचा गालिचा असतो, चिमटीत धरून सबंध उचलता येतो. जुळे सोलापुरातल्या घरातला पीसी मी वर्षातून एकदा साफ करायला सांगतो. मागांशेजारचा दर दोन-तीन महिन्यांनी करावा लागतो. त्याला इलाज नाही.

खोलीत पाण्याचा कूलर असेल तर त्याचा झोत कॅबिनेटवर येऊ देऊ नका. ओलसर हवेने तंतू चिकटून बसतात, आणि आपल्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे तुषार बोर्डावर पांढरी पुटे धरतात. कॅबिनेट जमिनीवरून उचलून दीड-दोन फूट उंच ठेवा, भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. कॅबिनेटवर रुमाल टाकण्याची पद्धत बंद करा.

सफाई अशी. वायर काढा, बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज उतरते. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. हवेने तो भरमसाट वेगाने फिरला तर बेअरिंग जाते आणि उलटी वीज बोर्डात शिरू शकते. कारखान्यातला कॉम्प्रेसर वापरण्याचा मोह होईल, पण त्याच्या नळीतून पाण्याचे आणि तेलाचे थेंब येतात, म्हणून साधा इलेक्ट्रिक ब्लोअर बरा. दहा वर्षांत चिप आणि हीट सिंक यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदललेली नसेल तर ती आता खडूसारखी कोरडी झालेली असणार. पीसी पाच मिनिटे चालवून कोमट करा, मग बंद करून पंखा उतरवा, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि मध्यभागी तुरीच्या दाण्याएवढी नवी ठेवा. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही. इंटेलच्या या पंख्याला प्लॅस्टिकच्या चार खुंट्या असतात, आणि त्यांतली एक जरी अर्धवट बसली तरी हीट सिंक तिरका राहतो. बोर्डाच्या मागच्या बाजूने चारही टोके बाहेर आली आहेत का, डोळ्यांनी बघा. नव्याने साफ केलेला पीसी आधीपेक्षा जास्त तापू लागला, अशी तक्रार घेऊन लोक येतात तेव्हा दहापैकी आठ वेळा ही खुंटीच असते.

तापमान बघायला कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूमॉनिटर चालेल. दुपारी तीनला, टॅली आणि ब्राउझर चालू असताना आकडा वहीत लिहा. ८० च्या आत असेल तर उष्णतेला सोडून द्या. ९५ च्या पुढे असेल तर पुढचे काही वाचण्याआधी सफाई करा.

पण दुपारी दोनला तुमच्याकडे आणखी एक गोष्ट घडते. जेवणाची सुट्टी संपून माग एकदम सुरू होतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि तेवढ्या क्षणी लाइनचा व्होल्टेज खाली बसतो. ऑफिसचा दिवा मिणमिणला की समजा, पीसीनेही तो झटका खाल्ला. चांगला एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, असे झटके सहज पचवतो. दहा वर्षे तापलेला, आतले कॅपॅसिटर सुकलेला एसएमपीएस पचवत नाही.

मग हे उष्णतेने होते की विजेने, कसे ओळखायचे? तुमच्या हातात एक फार चांगली चाचणी आहे, ती घरगुती गिऱ्हाईकाला मिळत नाही. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, माग बंद असताना, भर दुपारी ऑफिसात बसून तेच काम तीन तास करा. उन्हाळा तोच, खोली तीच, पत्रा तोच, फक्त माग नाहीत. तरीही गोठला तर वीज बहुतेक निर्दोष. मजेत चालला तर संशय एसएमपीएस, यूपीएस आणि अर्थिंगवर. असे दोन सुट्ट्यांना करून पाहा, एका दिवसावर निकाल देऊ नका.

विजेच्या बाजूने मी पुढच्या गोष्टी बघतो. लेझर प्रिंटर यूपीएसवर आहे का? असेल तर आजच काढून सरळ भिंतीच्या प्लगवर लावा. छापताना त्याचा रूळ तापवायला तो काही क्षण इतका करंट ओढतो की ६०० व्हीएचा यूपीएस गुडघे टेकतो. 'बिल छापले की पीसी बंद पडतो' या तक्रारीचे मूळ कित्येकदा एवढेच असते. यूपीएसची बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर आपल्या उन्हात ती संपली असे धरून चाला. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर अर्थिंग तुटलेले आहे, आणि तो माणसालाही धोका आहे. इलेक्ट्रिशियनला बोलवा, न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक पडतो, त्यात पाणी घालायचे असते, हे आपण विसरतो.

एसएमपीएस मोजायचा असेल तर मल्टिमीटरचे काळे टोक काळ्या वायरवर, लाल टोक पिवळ्या वायरवर. १२ व्होल्टच्या जागी ११.४ ते १२.६ चालते. लाल वायरवर ५ च्या जागी ४.७५ ते ५.२५. पीसी कामात असताना मोजा, नुसता सुरू असताना सगळेच आकडे गोजिरे दिसतात. पण एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट साठलेले असतात आणि वायर काढल्यावरही ते काही वेळ तिथेच राहतात. बोर्डावर मात्र नजर टाका: प्रोसेसरभोवतीच्या उभ्या कॅपॅसिटरची डोकी सपाट हवीत. फुगलेली किंवा तपकिरी चिकट द्रव पाझरलेली असतील तर दोष बोर्डाचा, आणि या वयाच्या बोर्डावर मी दुरुस्तीचा खर्च सुचवत नाही.

हे करताना इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडलात तर कर्नल-पॉवर ४१ ही नोंद जागोजागी दिसेल. ती पाहून पुष्कळ जण लगेच एसएमपीएस बदलतात. ती नोंद इतकेच सांगते की मागच्या वेळी पीसी नीट बंद झाला नव्हता. तुम्ही बटण दाबून बंद केलात तरी तीच पडते. त्याऐवजी डिस्क नावाने ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी आहेत का ते शोधा. ७ म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे डिस्कला तीच मागणी पुन्हा करावी लागली. गोठण्याच्या वेळेशी त्या जुळल्या तर वहीत खूण करा.

रॅमची तपासणी सोपी. रॅम काढून तिचे सोनेरी दात साध्या खोडरबराने हलके पुसा, स्लॉटमध्ये हवा मारा, दोन्ही बाजूंच्या चापा टक् वाजेपर्यंत बसवा. मग मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर रॅम बाद, 'दोनच आल्या' अशी सवलत नाही. नवी घेताना डीडीआर३, १६०० ची घ्या. बाजारात फार स्वस्त डीडीआर३ मिळते, त्यातली काही फक्त एएमडीच्या बोर्डावर चालते. म्हणून दुकानातच तुमच्या पीसीत लावून सुरू करून दाखवायला सांगा.

विंडोजच्या बाजूचे थोडक्यात आटोपतो, कारण तुमच्या बाबतीत ते दुय्यम आहे. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका, ते एकमेकांच्या फाइली तपासत बसतात. टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या यादीतून प्रिंटरचे मदतनीस आणि अपडेटर बंद करा. सी ड्राइव्हवर पंधरा-वीस टक्के जागा मोकळी हवी. 'शट डाउन' केल्याने विंडोज १० पूर्ण बंद होत नाही, फास्ट स्टार्टअपमुळे गाभ्याची स्थिती डिस्कवर राखून ठेवते, म्हणून आठवड्यातून दोनदा रीस्टार्ट करा. तारीख मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला. तारीख चुकली की बँकेची आणि जीएसटीची पाने उघडत नाहीत आणि लोक इंटरनेटला दोष देतात. आणि दोनदा टाकलेली विंडोज अधिकृत होती का, ते विचारा. फुकटच्या ॲक्टिव्हेटरबरोबर काय काय आत शिरते ते सांगता येत नाही. काही न करता प्रोसेसर साठ-सत्तर टक्के चालत असेल तर तोच संशय. ज्या पीसीवरून बँकेचे व्यवहार होतात त्यावर हे मला अजिबात चालत नाही.

राहिला नव्या पीसीचा प्रश्न. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे अधिकृतपणे चालते, तुमचा चौथ्या पिढीचा त्यात बसत नाही. आडवाटेने बसवून देणारे भेटतील, पण कारखान्याच्या हिशेबाच्या पीसीवर मी तसे करत नाही. म्हणजे नवा पीसी आज ना उद्या घ्यावाच लागणार, पण घाबरून, दुपारी दोनला पीसी गोठला म्हणून घ्यायचा नाही.

म्हणून तुमच्या जागी मी असे केले असते. एसएसडी आत्ता नवी घेतली असती, कारण ती उद्या नव्या पीसीत हलवता येते. डीडीआर३ रॅम नव्या बोर्डावर चालणार नाही, म्हणून तिच्यावर कमीत कमी खर्च केला असता: तपासलेली, वापरलेली ४ जीबीची चालेल. सफाई, पेस्ट, साटाची केबल आणि प्रिंटरचा प्लग हे चार बदल या आठवड्यात. एवढ्यावर हा पीसी निमूट चालेल असा माझा अंदाज आहे. तो चालतो तोवर शांतपणे नवा बघा, ८ जीबीपेक्षा १६ जीबीचा. आणि तो मागांच्या शेडला लागून न ठेवता भिंतीपलीकडच्या खोलीत ठेवा. लांब केबल टाकायचा खर्च एकदाच होतो. एसएमपीएस मोजल्यावर खाली पडलेला निघाला, किंवा कॅपॅसिटर फुगलेले दिसले, तर मात्र यातले काहीच करू नका. डेटा आणि एसएसडी घेऊन सरळ नव्या पीसीकडे जा.

वहीतली चार दिवसांची पाने, क्रिस्टलडिस्कइन्फोचा फोटो आणि दुपारी तीनचे तापमान एवढे मला कळवा. त्यातही पहिल्यांदा हे सांगा: सुट्टीच्या दिवशी, माग बंद असताना, तो गोठला की नाही?